कानातली शिट्टी

वाळूजला प्रेसवर पत्रा कापण्यात माझी अठरा वर्षं गेली. मागच्या वर्षी आमच्या कारखान्यात एक बाई कान तपासायला आल्या. कामगारांच्या बहिरेपणावर त्यांचं कित्येक वर्षांचं संशोधन, एवढंच कळलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलताना माणसाच्या कानाकडं बघायची त्यांना खोड होती.

गेटपाशी लावलेल्या बंद गाडीत मला बसवलं. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. कान गेला म्हणून कागदावर आलं तर मशीनवरून काढतील, ही धास्ती सगळ्यांनाच. बारीकशी शिट्टी ऐकू आली की मी दाबत गेलो.

बाई थांबल्या. "दादा, मघापासून मी यंत्रातून एकही आवाज सोडलेला नाही."

मी बटण खाली ठेवलं. "खोटं नाय मॅडम. खरंच वाजतंय. रोजच वाजतं, घरीबी."

त्या रागावतील असं वाटलं. पण त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "कसं वाजतं? आपण शोधू." मग यंत्राची चकती जरा जरा फिरवत राहिल्या. हा? नाय, याहून बारीक. हा?

"व्हय, हाच!" मी ओरडलोच.

त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, डोळे मिटले. चहाची सुट्टी संपली तरी ऐकतच होत्या.

"याच्यासोबत झोपता तुम्ही?"

कागदावर काय लिहिलं, ते विचारायचं मी विसरलो. म्हणालो, "मॅडम, एवढं एकदा माझ्या बायकोला ऐकवता का?"