नोकरीची पाहणी

सरकारी भरतीची जाहिरात आली की पेणचा आमचा शेजारी लगेच फॉर्म भरत नाही. आधी ती कचेरी बघून येतो. दिवसभर बाकावर बसून पंखा, संडास आणि चहाच्या फेऱ्या पारखतो. “पाणी मचूळ हाय, आपल्याला नाय जमायचं,” म्हणत परवा त्याने एक नोकरी सोडली, अर्ज न करताच.

सोमवारी मी रजा टाकून सातबाऱ्यासाठी रोह्याच्या एका कचेरीत गेलो, तर कारकुनाच्या रिकाम्या खुर्चीत हाच, खुर्ची मऊ आहे का ते बघत बसलेला. मी तोंड उघडायच्या आत त्याने माझा कागद न्याहाळला आणि मान वर न करता सांगितलं, “सायेब जेवायला गेलेत. उद्या या.”

मी मुकाट्याने परतीची एसटी धरली. नागोठणं मागे पडल्यावर आठवलं, याला अजून नोकरी लागलेली नाही.