मायाक्काची झोळी

जोंधळे निम्मे निवडून झाले होते, तेवढ्यात शेजारच्या यज्ञेश्वरपंतांच्या घरून बसव्वा सुईण धावत आली. पंतांची सून दुर्गा पहिलटकरीण, आदल्या संध्याकाळपासून अडलेली. मूल आडवं आलंय, आता माझ्या हातात काही राहिलं नाही, इस्पितळात न्या, असं बसव्वा म्हणाली. सूप तसंच ठेवून मी गेले.

ही गेल्या श्रावणातली गोष्ट. माझ्या रोजच्या वहीत त्या दिवशी मी 'देवाने राखले' एवढंच लिहिलं. मायाक्काचं नावसुद्धा घातलं नाही, म्हणून आज लिहिते.

पंतांचा मुलगा वेणीमाधव सायकलवरून इस्पितळात जाऊन आला. रोगी आणायची मोटार साऱ्या शहराला एकच, आणि ती अक्कलकोटच्या वाटेवर गेलेली. दिवेलागणीच्या आत येत नाही, असं कळलं. दाराशी टांगा होता, पण पेठेतला रस्ता नळासाठी खणलेला. एवढे धक्के खाऊन दोन्ही जीव वाचायचे नाहीत, म्हणून बसव्वानं दुर्गाला टांग्यात बसू दिलं नाही; टांगा परत गेला. मग दुर्गाला बाजेसकट उचलून न्यायचं ठरलं. वेणीमाधव आणि दोघे शेजारी बाज खांद्यावर घेणार, तोच पंत आडवे आले.

"जिवंत माणसाला खांदा देत नाहीत," ते म्हणाले.

ते ऐकून दोघे शेजारी बाज सोडून निघून गेले. पंतांचं चुकलं, असं तेव्हा आम्हा बायकांपैकी एकीलाही वाटलं नाही.

घोंगड्या विकायला आलेली मायाक्का भावासह पंतांच्या ओट्यावर बसली होती. ती सांगोल्याकडची धनगरीण. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा भाऊ येडूला घेऊन सोलापुरात आली आणि दारोदार घोंगड्या विकू लागली. तोंडाची फटकळ. कोणी भाव पाडून मागितला की 'मग पाचोळा पांघरा' म्हणून उठायची. तिची थोरली बहीण अशीच अडून बैलगाडीत वाटेतच गेली होती, हे मला मागाहून कळलं.

तिनं माझ्याकडून धुणं वाळत घालायच्या दोन काठ्या मागून घेतल्या, नवी घोंगडी अंगणात पसरली आणि दाभणानं दोन्ही कडा काठ्यांवर शिवायला घेतल्या. वाटेत अडलेली मेंढी धनगर अशीच झोळीत घालून नेतात.

"खांद्यावर न्हाय, हातात धरायची," ती पंतांना म्हणाली. "तिरडी अशी कुटं बघितलीसा?"

पंत घोंगडीकडे बघत राहिले. धनगराघरची घोंगडी, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मायाक्कानं सुतळी दातानं तोडली. "सोवळ्यात तुमी घोंगडीवरच बसता की. देवाला चालती, मग सुनंला का न्हाय?"

लोकरीला विटाळ नसतो, हे देवळात पुराण सांगताना पंतांनीच आम्हाला सांगितलेलं. ते वाटेतून बाजूला झाले.

दुर्गाला झोळीत घेतलं. पुढे येडू आणि वेणीमाधव, मागे मायाक्का. चौथं टोक भुईवरच राहिलं. बाकीचे पुरुष कामावर, आणि होते ते दोघे पंतांच्याच शब्दानं गेलेले. पंतांनी उपरणं कमरेला आवळलं आणि वाकून ते टोक उचललं.

"पावलं जुळवू नगा, झोळी झुलती," मायाक्का सारखं बजावत होती. बसव्वा कडेनं चालत कानडीत 'बेग, बेग' म्हणून घाई करी, की मायाक्का तिला गप्प बसवी. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे, तोंडानं नाम चालू. पाऊण मैलात पंतांच्या हाताला फोड आले, पण त्यांनी काठी दुसऱ्याला दिली नाही.

इस्पितळात पोचल्यावर दीड तासानं आतून रडणं ऐकू आलं. मुलगी. दुर्गाही सुखरूप. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आधी घोंगडीची शिवण उलटून बघत बसल्या.

पुढच्या एकादशीला पंतांनी पुराण थांबवून ही हकिकत भर देवळात सांगितली, स्वतःचं चुकलेलं बोलणंही न वगळता. आता पेठेतल्या सात घरी अशा झोळ्या भिंतीला टांगलेल्या आहेत. मोटार बाहेर असली की इस्पितळाचा शिपाई मायाक्काच्या दारात येतो. फाल्गुनापर्यंत चौदा जणांना नेलं. चौदाही जिवंत पोचले. मोटारीपेक्षा तुझं बरं, असं मी म्हटलं, तर म्हणते कशी, "मोटार बिगडती. येडू जेवला की चालतोय."

माढ्याच्या दवाखान्याचं परवा बोलावणं आलं. उद्या सकाळच्या गाडीनं मायाक्का तिथे दोन झोळ्या पोचवायला जाणार आहे.