धाकट्या आसरेची बांगडी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. नात टीव्हीवर ती मालिका बघते — नागीण बाईचं रूप घेते, माणसाच्या प्रेमात पडते — आणि म्हणते, आजी, बस ना. मी उठून आत जाते. तिला वाटतं, म्हातारीला असलं पटत नाही. पटत नाही कसलं? असलं एक मीच घडवलंय.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. खामगावजवळच्या आमच्या गावात मी सदूच्या मळ्यात तण निंदायला जायचे. सतरा वर्षांची होते. सदू मालकीणबाईंचा एकुलता एक, अबोल. मला आवडायचा.

मळ्यातल्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते. साती आसरा — पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. दर अवसेला सदू प्रत्येकीपुढे एक हिरवी बांगडी ठेवायचा. एका अवसेला, बाया भाकरी खायला बसल्या असताना, मी शेवटची बांगडी उचलून ओच्यात टाकली. का? त्याच्या हातची होती म्हणून — आणि हो, फुकटची होती म्हणूनही.

सदूला सहाच दिसल्या. चोरीचा संशय त्याच्या मनाला शिवलाच नाही. धाकटीनं नेली, म्हणाला. पुढच्या अवसेला तिच्यापुढे बांगडीसोबत फणी. मी तीही नेली आणि त्या जागी झेंडूचं फूल ठेवलं — हे कशाला केलं? ते फूल कानावर खोवून तो दिवसभर हिंडला, मी ओळीत बसून बघत होते. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही. सांगायला लाज वाटते.

मग जळंबकडची सोयरीक आली. सदू म्हणाला, मला पाण्यातलीनं पत्करलंय, दुसरी नको. पाहुणे ओसरीवर बसलेले, आणि त्याची आई धावत मळ्यात आली. आम्हा पाचही बायांना तिनं उभं केलं.

"पोरीहो, कोनी नेलं असन तं सांगा वं. मी काही म्हननार नाही. माह्या लेकराचं वाटोळं होऊन राह्यलं."

"मी" — एवढा एक शब्द पुरे होता. घरी कोणाला दिसू नये म्हणून फणी मी ओच्यातच बाळगायचे, तेव्हाही ती तिथंच होती. तिची नजर एकेकीच्या कमरेवरून सरकत माझ्याकडे आली, आणि मी बोलून गेले, "काकू, म्या पाह्यलं तिले. हिरव्या लुगड्यातली. विहिरीत उतरली."

नुसती गप्प बसले असते तर? पण मी साक्ष दिली. काकू रडतच घराकडे गेल्या, आणि गोष्ट ओसरीवर पोचली. पाहुणे चहा न घेता उठले. आसरेनं धरलेल्या पोराला मुलगी कोण देणार? पुन्हा कोणी आलंच नाही.

त्याच्यावर जीव होता म्हणून बोलले, असं मी मनाला पुष्कळ समजावलं. खोटं आहे ते. चोर ठरायला भ्याले, बस्स. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, मेहकरला गेले, सुखात नांदले.

जाण्याआधी सदू एकदा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडवा आला. डोळे खोल गेलेले. रागावला नव्हता — त्याला माझा हेवा वाटत होता.

"तुले दिसली," म्हणाला, "मंग मले काऊन नाही दिसत वं?"

तेव्हा तरी? आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"दिसन," मी म्हटलं.

त्यानं माझं ऐकलं. ती दिसेल म्हणून मळा सोडून तो कुठेच गेला नाही. मरेपर्यंत विहिरीकाठी राहिला, एकटा.