भेटीवर घातलेलं नाव

सदाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या माझ्या भांड्यांच्या दुकानात एका बाईंशी कुकरवरून हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि त्या म्हणाल्या त्या भावात कुकर देऊन टाकला. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं पहिल्यांदाच घडलं...

काका माझ्या नात्यातले नव्हते. म्हातारपणी मुलीकडे न्यू जर्सीला आले आणि रोज अकराला माझ्या गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसू लागले. त्याआधी इंग्लंडमधल्या मार्टनबरी नावाच्या जिल्ह्याच्या गावी त्यांनी आयुष्यभर बस चालवली. चढणाऱ्या म्हाताऱ्यांना ते विचारत, "या थांब्यावर पूर्वी काय होतं?" शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली की उत्तर वहीत उतरवत. गुरांचा बाजार, कातडी कमावण्याचे हौद, जुना तुरुंग, फाशीचा चौक... त्यावरून त्यांनी हातानं गावाचा भलामोठा नकाशा काढला. प्रत्येक थांब्याचा इतिहास आणि खाली तो सांगणाऱ्याचं नाव.

निवृत्त झाले त्या दिवाळीत त्यांनी नकाशाची प्रत गावच्या इतिहास मंडळाला दिली, सोबत चकल्यांचा डबा. पुढे मंडळाचं पुस्तक निघालं. त्यात नकाशा होता, मंडळाच्या नावानं. आभारात फक्त 'एक स्थानिक बसचालक'.

हे ऐकून मी उखडलो. "काका, नाव का नाही मागितलंत?"

"अरे शेठ, दिवाळीची भेट ती. भेटीवर कसलं नाव?"

"माझ्या दुकानात बसून हे बोलता? लग्नात द्यायच्या साध्या तांब्यावर लोक माझ्याकडून नाव घालून नेतात!"

ते हसले. "चकल्या आवडल्याचं पत्र आलं होतं हो."

त्या हसण्याचा मला अजून राग येतो. मीही या देशात आधी दुसऱ्याचं दुकान उभं केलंय. मांडणी माझी, गिऱ्हाईक माझं आणि शाबासकी मालकाला. मी ते विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

शेवटच्या आजारात काकांनी मूळ नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिली. "माझ्याकडून कोणीही काहीही नेतं. तुझ्याकडून नेऊन दाखव म्हणावं."

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मंडळाच्या बाईंचा फोन आला. प्रदर्शनासाठी मूळ नकाशा हवा होता. मी म्हटलं, "वर काकांचं नाव लिहा, आजच देतो." त्या गोड आवाजात म्हणाल्या, देणगीदारांच्या यादीत घालू. मी फोन ठेवला.

संध्याकाळी काकांची मुलगी नीलिमा आली; मंडळाला माझा नंबर तिनंच दिला होता. मला म्हणाली, "काका, लेट इट गो ना. बाबांना स्वतःला काही वाटलं नव्हतं."

मी नकाशा काउंटरवर पसरला. "वाच. बोलता बोलता एखादी गोष्ट सांगून उतरलेल्या बाईचंसुद्धा नाव त्यांनी गाळलेलं नाही. ज्याला नावाचं काही वाटत नाही तो हे करेल?"

ती बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "डोन्ट गिव्ह इट, काका."

आता नकाशा गल्ल्यामागच्या भिंतीवर आहे. भांड्यांवर नावं घालायच्या मशीननं मी एका पितळी पट्टीवर अक्षरं कोरली आणि ती फ्रेमखाली ठोकली: सदाशिव रामचंद्र गोखले, बसचालक, यांनी काढला. मंडळाचे अजून दोन फोन आले. भाव तोच सांगितला. अकरा वाजता स्टुलावर कोणी बसू लागलं तर मी उठवतो. तिथून ती पट्टी बरोबर डोळ्यांसमोर येते.