पांढराशुभ्र फिल्टर

माझं काम सांगायला सोपं आहे. कारखान्यातला माणूस दिवसभरात श्वासाबरोबर किती धूळ आत घेतो, ते मोजायचं. त्याच्या कमरेला एक छोटा पंप लावायचा, पंपाची नळी कॉलरपर्यंत न्यायची आणि तिथे फिल्टरची डबी अडकवायची. तो काम करतो, पंप हवा ओढत राहतो. मग फिल्टर प्रयोगशाळेत जातो आणि आकडा येतो. आकडा जास्त आला तर मालकाला धूळ खेचून घेणारी यंत्रणा बसवावी लागते. कमी आला तर सगळं आहे तसंच चालू राहतं.

सेम्बावांगजवळच्या त्या वर्कशॉपमध्ये कॉन्डोंच्या, म्हणजे महागड्या फ्लॅटांच्या, स्वयंपाकघरांचे दगडी ओटे कापले जात. त्या दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसली की बाहेर निघत नाही. करवतीवर माझ्यासारखाच इथे परदेशात कामाला आलेला, बिहारचा एक माणूस होता, पस्तिशीचा असेल. मी पंप लावत होतो तेव्हाही तो तोंड फिरवून खोकत होता.

आदल्याच आठवड्यात दुसरीकडे एका कामगाराने माझा पंप पाण्याच्या बादलीत पाडला होता आणि साहेबांनी मला चांगलंच झापलं होतं. तो राग मी याच्यावर काढला. वरच्याचा राग खालच्यावर काढण्यात मी तरबेज आहे. "महंगी मशीन है। इसको कुछ हुआ तो ज़िम्मेदारी तुम्हारी। संभाल के रखना!" असं मी सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं. डबी उघडी राहिली पाहिजे आणि ती का, हे सांगायचं मात्र राहून गेलं. त्याने फक्त मान डोलावली.

दर दोन तासांनी जाऊन पंप तपासायचा, असा नियम आहे. मी सुपरवायझरच्या एसी खोलीत बसून एक रखडलेला रिपोर्ट उरकत होतो. काचेतून त्याच्या कमरेवरचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसत होता, तेवढं मला पुरलं. तपासणीच्या कागदावर मात्र मी प्रत्येक वेळेसमोर बरोबरची खूण केली.

पाच वाजता तो समोर येऊन उभा राहिला. भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या, सगळं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं पांढरं. कॉलरवरच्या डबीला मात्र चार पदरी घडी घातलेला रुमाल गुंडाळून रबरबँड लावलेलं. ते त्याने अलगद सोडवलं आणि म्हणाला, "सर, धूल का एक कण भी नहीं लगने दिया।"

फिल्टर पांढराशुभ्र होता. तो तिथल्या तिथे रद्द करायला हवा होता, पण मग दिवसभर मी कुठे होतो हेही सांगावं लागलं असतं. मी त्याला "शाबास" म्हणालो आणि फिल्टर प्रयोगशाळेत पाठवून दिला. आकडा अर्थातच कमी आला. सध्याची व्यवस्था पुरेशी आहे, असं मी रिपोर्टात लिहिलं. यंत्रणेचा विषय बारगळला.

चार महिन्यांनी टॅम्पिनीसला आमच्याकडे मित्रमंडळी जेवायला आली होती, तेव्हा हा किस्सा मी रंगवून सांगितला. सगळे खो खो हसले. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं न काढणारी आम्ही माणसं, आम्हाला तो रुमाल लगेच कळला. बायको तेवढी हसली नाही. आमटी वाढता वाढता तिने विचारलं, "अरे, मग त्याच्या छातीत किती धूळ गेली ते कळलं कसं?"

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी विषय बदलला.

सोमवारी तांजोंग पगारच्या ऑफिसात जाऊन साहेबांना सांगितलं की तो नमुना रद्द करावा लागेल. त्यासाठी एक फॉर्म असतो, त्यात कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं: कामगाराने सूचनेविरुद्ध फिल्टर झाकून ठेवला. कुठली सूचना, हे कुणी विचारलं नाही. उलट साहेबांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि मी ते ऐकून घेतलं.

पुन्हा मोजमाप झालं. त्या दिवशी मी सावलीसारखा त्याच्या मागे होतो. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला आणि दोन महिन्यांत करवतीवर यंत्रणा बसली. मधल्या काळात त्याच्या छातीत जे गेलं, ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

पण मला आठवते ती त्या दुसऱ्या मोजमापाची सकाळ. मी पोचण्याआधी सुपरवायझरने ऑफिसातून आलेला माझा फॉर्म सगळ्यांसमोर वाचून त्याला फैलावर घेतलं होतं. मी डबी लावायला वाकलो, तर त्याने हात जोडले.

"सर, माफ़ कर दीजिए। मेरी ग़लती से आपको दोबारा आना पड़ा।"

सगळे आमच्याकडे बघत होते. चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. मी त्याच्या कॉलरवरची डबी नीट केली आणि म्हणालो, "ठीक है। आगे से ध्यान रखना।"