जादाची टाकी

आमच्या शेजारच्या अण्णांइतकी लढाऊ विमानं अख्ख्या कोल्हापुरात कुणी उडवली नसतील, आणि तीही म्हशीखाली बसून. स्वतः ते जन्मात कधी विमानात बसले नाहीत. पण संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या करायच्या, गिऱ्हाइकाच्या ग्लासात धार सोडायची आणि पेपरात वाचलेलं विमान तोंडानं आभाळात चढवायचं, हा त्यांचा नव्वदच्या दशकातला नेम. "वेग, वजन आणि पल्ला, तिन्ही एकदम मिळत न्हाईत," असं म्हणायचे. बॉम्ब जास्त घेतले तर तेल कमी घ्यावं लागतं, मग लांब जाता येत नाही. हे समजावताना हात थांबायचा, म्हैस पाय आपटायची आणि पावणं अर्धा ग्लास धरून ताटकळायचं. एकानं म्हटलं, अण्णा, ग्लास भरा की. तर म्हणाले, "एवढं वजन घिऊन घरला पोचशील व्हय?" आमच्या ह्यांच्या स्कूटरवर मी भाजीच्या पिशव्या घेऊन बसले की हाक मारायचे, "वहिनी, वजन उतरवा, न्हायतर गाडी कागलच्या पुढं जायची न्हाय." बोलायचे पिशव्यांबद्दल, बघायचे माझ्याकडं!

वाद घालायला तोडीस तोड एकच, त्यांची धाकटी लेक. अण्णा वजनाच्या बाजूचे, रिकाम्या हातानं लढाईला जाऊन करायचं काय? लेक पल्ल्याच्या बाजूची, पोचलंच नाही तर बॉम्ब काय पूजेला ठेवायचे? दुधाच्या कासंड्या धुता धुता दोघांची अशी जुंपायची की गिऱ्हाइकं दूध पिऊन झालं तरी हलायची नाहीत.

पुढं ती शिकली, आणि तिला नोकरी लागली ती थेट बंगळूरला. अण्णा अडून बसले. इथं काय नोकऱ्या नाहीत? आठवडाभर कट्ट्यावर एक विमान उडालं नाही. शेवटी सगळ्यांदेखत लेकच त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "अण्णा, लांब जायचं तर काय करायचं असतंय? तुमीच सांगा."

अण्णा धार काढत राहिले. ग्लास भरून वाहायला लागला तेव्हा म्हणाले, "वजन कमी करायचं. जा."

जायच्या दिवशी आईनं ठासून भरलेली बॅग अण्णांनीच उपसली. गूळ बाहेर, पितळी डबा बाहेर, चटणीची बरणीही बाहेर. माउली रडकुंडीला आली. तेव्हा अण्णा म्हणाले, लांबच्या विमानाला पंखाखाली जादाची टाकी लावतात, तिचं काम झालं की वाटेत सोडून देतात. मी तसा वाटेतल्या कागलपर्यंत जातो, बरणी मांडीवर घेतो आणि उतरताना पोरीकडं देतो. आणि खरंच लेकीबरोबर बसमध्ये चढले.

परत आले ते बरणी छातीशी धरूनच.

"अवं, टाकी भरलेलीच आणली की," बायको म्हणाली.

"उतरताना ध्यानातच आलं न्हाय." बरणी फडताळात ठेवली. मग म्हणाले, "हलकी गेली. पोचंल."

त्यानंतरही कट्ट्यावर विमानं उडत राहिली, फक्त दोन्ही बाजू अण्णा एकटेच मांडायचे. लेकीच्या बाजूनं बोलायची पाळी आली की आवाज जरा बारीक करायचे. मी दूध घेऊन झालं तरी ऐकत उभी राहायची. वाद रोज नवा असायचा, पण जिंकायची मात्र तीच.