पोळ्याचा घास

धुळे जिल्ह्यात आमच्या भाऊजींनी ज्याच्या पोटाला कान लावला नाही, असं जनावर शोधूनही सापडायचं नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गुरांचे डॉक्टर. कुणाकडेही गेले की आधी गोठ्यात शिरायचं, गाईच्या डाव्या कुशीला कान लावायचा आणि मग माणसांना रामराम घालायचा. माझ्या लग्नातसुद्धा वरात खोळंबवून त्यांनी मंडपामागे बांधलेल्या बोकडाची विचारपूस केली होती. माणसांनाही ते ‘जेवलात का’ असं विचारत नाहीत, ‘पोटातलं पुढे सरकलं का’ असं विचारतात.

त्यांचं एक लाडकं शास्त्र आहे. अंगातलं रक्त आणि पोट म्हणे सासू-सुना, एकीचं वजन वाढलं की दुसरी हात आखडून बसते. जनावराचं रक्त सांडलं की पोट घाईघाईनं आतलं पुढे ढकलतं, आणि सलाईननं रक्त वाढवलं की तेच पोट अडून बसतं. हे ते वरण-बट्टीच्या पंगतीत वाढप्याला अडवून सांगतात. एकदा रक्तदान करून आले ते ‘आता माझं पोट धावतंय’ म्हणत थेट भरीत-भाकरीला बसले. ताईनं निमूट वाढलं. तिला हे शास्त्र झोपेतही म्हणून दाखवता येईल.

मागे एकदा सोनगीरजवळच्या एका आक्कांच्या बैलाला दुसऱ्या बैलाचं शिंग लागलं, तेही नेमकं पोळ्याच्या दिवशी. सुट्टी होती म्हणून मीही भाऊजींबरोबर गेलो. रक्त फार गेलं होतं. त्यांनी जखम शिवली, बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या, तेव्हा कुठे बैलानं मान उचलली. तेवढ्यात आक्का खापरावरची पुरणपोळी घेऊन आल्या. वासरू असल्यापासून त्यांनीच वाढवलेला तो बैल, ताट पाहून त्यानं जीभ बाहेर काढली.

“आज त्याना सन शे, भाऊ. एक घास खाऊ दे.”

“आक्का, आत्ताच सलाईन दिलंय. खाल्लेलं तसंच पोटात पडून राहील. उद्या भरवा.”

आक्का ताट पदरानं झाकून बाजूला बसल्या. भाऊजींचं काही चुकलं नव्हतं. पण दिवेलागणीला बैल गेला. आक्कांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि तेच ताट भाऊजींपुढे सरकवलं.

“तू सकायपाईन उपाशी शेस. त्याना वाटानं तूच खाई ले.”

भाऊजींनी बैलाच्या वाट्याची ती पोळी खाली मान घालून खाल्ली. घास दिला असता तरी बैल गेलाच असता, हे त्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच तो द्यायला हवा होता असं त्यांना राहून राहून वाटतं. मलाही वाटतं.

यंदाच्या पोळ्याला मी त्यांच्याकडेच होतो. ताईनं पुरणपोळी वाढली, भाऊजींनी एक तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले. मी म्हटलं, जेवा ना.

“आज पोट पुढे ढकलत नाही रे,” ते म्हणाले. एवढ्यात मिरवणुकीतली बैलजोडी दारात आली. भाऊजी ताट घेऊन उठले. या खेपेला त्यांनी कुशीला कान लावला नाही, आधी पोळी भरवली.